रेकॉर्डच्या कव्हरातला झाडू

आधीच सांगते, मला गाण्यातलं काही कळत नाही. बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेली बाई मी, आणि ही रेकॉर्ड सगळी इंग्रजीत, ते पण असल्या इंग्रजीत की माझा नवरा, जो इथं जर्मनीत आखनला शिकलाय आणि झोपेत पण इंग्रजी बडबडतो, तोसुद्धा म्हणाला, "अगं, हे जरा वेगळंच इंग्रजी आहे." तरी सांगतेय, कारण त्या रेकॉर्डपायी माझं घर जायची वेळ आली होती. म्हणजे वेळ मीच आणली, पण सगळा दोष एकटीनं कशाला घ्यायचा.

घर म्हणजे झिंडेलफिंगेन गावातल्या दोन खोल्या, पहिला मजला, नवऱ्याच्या गाड्यांच्या कारखान्यापासून बसनं पाच स्टॉप. खाली एक आजी, वर एक हाडांचा डॉक्टर, मध्ये आम्ही. बिल्डिंगमध्ये एवढीच तीन घरं. हे मिळायच्या आधी आम्ही किती घरं बघितली ते विचारू नका, एका ठिकाणी तर घर बघायलाच एवढी रांग की मला वाटलं रेशन आलंय. शेवटी मिळालं तेव्हा पोरगी नऊ महिन्यांची होती आणि नवऱ्याचं प्रोबेत्साइट चालू होतं. म्हणजे नोकरीचे पहिले सहा महिने, त्यात कंपनी कधीपण टाटा करू शकते. मी आपलं ते घराला पण लावून टाकलं. मला वाटायचं घर पण प्रोबेत्साइटवर आहे, जरा काही चुकलं की बाहेर.

त्यामुळे मी घरात चोरासारखी राहायचे. दुपारी एक ते तीन आवाज नाही. रविवारी आवाज नाही. काचेच्या बाटल्या टाकायला जायची पण वेळ ठरलेली. कुकरच्या शिट्टीनं कुणी पोलीस बोलावतील म्हणून मी कुकर कपाटात ठेवून दिला आणि तूरडाळ पातेल्यात शिजवायला लागले, दीड-दीड तास. नवरा म्हणायचा, डाळ बोटचेपी राहतेय. मी म्हणायचे, घर राहतंय ना, खा.

आणि बेलवर आडनाव. इथं फ्लॅटला नंबर नसतो, बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव लावायचं, त्याच्यावरच सगळं चालतं. मी म्हणलं, "अहो, आडनाव नको. नुसतं तुमचं नाव लावा."

नवरा हसायला लागला. "अगं, इथं कुणाला काय कळतंय आपल्या आडनावाचं? त्यांना ते धड वाचता येत नाही." आणि आडनावच लावलं.

त्याला काय जातंय हसायला, तो हॉस्टेलात राहून शिकलेला. आमच्या तालुक्याच्या गावात आडनाव सांगितलं की समोरच्याच्या तोंडावर अर्धा सेकंद जे होतं ना, ते मला पाढ्यासारखं पाठ आहे. त्या अर्ध्या सेकंदात भाड्याची खोली कालच गेलेली असते.

माझी आई नगरपालिकेत झाडू मारते. तिच्या आधी तिची सासू मारायची. बाजारपेठेतला मेन रोड, मग मागची गल्ली, मग बँकेपुढचं. मी शाळेत असताना तिच्याबरोबर एकदा गेले, मदत करू म्हणून झाडूला हात लावला तर तिनं अशी चापट मारली की कान वाजला. माझं लग्न ठरलं तेव्हा आणि मग विमानात बसायच्या आदल्या दिवशी, दोन्ही वेळा तिनं माझ्याकडून एकच वदवून घेतलं. "आपल्या घरातलं झाड. दुसऱ्याच्या दारातलं झाडायचं नाही. तिकडं गोऱ्याच्या दारातलं पण नाही. ते माझ्यापाशी संपलं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणलं. आम्ही बौद्ध, शपथाबिपथा मानत नाही, पण आईच्या डोक्यावर ठेवलेला हात म्हणजे ठेवलेला हात.

तर ते खोकं.

आम्ही राहायला आल्यावर पंधरा दिवसांनी खाली पत्रपेट्यांजवळ एक पुठ्ठ्याचं खोकं दिसलं. वर चिठ्ठी. भाषांतरासाठी फोन धरला तर फोन म्हणाला, फुकट आहे, न्या. आत पेटीसारखा एक रेकॉर्ड प्लेअर आणि एकच रेकॉर्ड. फुकट न्या लिहिलंय म्हणजे खरंच न्यायचं का न्यायला गेलं की धरायचं, हे मला कळेना, म्हणून तीन दिवस मी त्या खोक्याला वळसा घालून जायचे. चौथ्या दिवशी माझ्या कडेवरच्या पोरीनं झुकून ते कव्हर ओढलं, आणि एकदा तिनं धरलं की मग ते सोडवायला जर्मन सैन्य लागतं. तिला गप्प करत करत मी सगळंच खोकं उचलून वर पळाले. दाराला आतून कडी लावून दहा मिनिटं धापा टाकत बसले, जसं काही बँक लुटून आणली.

संध्याकाळी नवऱ्यानं कव्हर बघितलं आणि बूट काढायचं पण थांबला.

"हे काय? घरात बाबा कशाला आणलास?"

आता त्याची पण चूक नाही. कव्हरवर चित्र होतं एका माणसाचं, कमरेपर्यंत जटा, छातीपर्यंत दाढी, डोळे मिटलेले, तोंड आभाळाकडे. आमच्या घरात बुवाबाजीला बंदी. लग्नात भटजी नव्हता, बारशाला पंचांग नव्हतं, आणि इथं मी जर्मनीत येऊन कचऱ्यातून जटाधारी उचलून आणला.

"अहो, नीट बघा तरी," मी म्हणलं. "त्याच्या हातात कोयता आहे. मागं ऊस आहे. बाबा कसला, ऊसतोडीवाला दिसतोय."

नवऱ्यानं बघितलं. खरंच, मागं उसाचा फड, पाचट, हातात कोयता. माझे दोन मामा दरवर्षी तोडीला जायचे, मला पाचट ओळखता येणार नाही होय? त्यानं कव्हर उलटून मागचं वाचायला घेतलं, एक बूट पायात तसाच.

"रेगे आहे," तो म्हणाला. "जमैकाचं. आपल्या आयांच्या वयाची रेकॉर्ड आहे ही." मग आणखी खालचं वाचलं. मग, "अगं, ह्यांच्या लोकांना पकडून, जहाजात कोंबून आणलं होतं. साखळ्या घालून. ऊस तोडायला. ती गाणी आहेत. मालकानं काय केलं, पोलिसानं काय केलं, पोरं शाळेत का नाहीत, सगळं आहे."

"आणि मग डोळे का मिटलेत त्यानं?"

"देवाचं पण आहे मध्ये मध्ये."

"बघा. आपल्याला देव चालत नाही."

त्यानं परत वाचलं. "हा चालेल. हा ह्यांच्या बाजूनं आहे. आणि ह्याचं देऊळ पण दिसत नाही कुठं, मग आत न सोडण्याचा प्रश्नच नाही." मग हसून म्हणाला, "त्याचं नाव जा आहे."

"जा? ते तर बेकरीवाली हो म्हणायला दिवसातून दोनशे वेळा म्हणते."

"मग झालं की. चांगलं भजन चाललंय तिचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजून गेल्यावर मी ती लावली. घाबरत, एकदम बारीक आवाजात, सुई तीनदा ठेवली तेव्हा कुठं बसली. आणि काय सांगू, नऊ महिन्यांत जी पोरगी दिवसा अर्धा तास सलग झोपली नव्हती, ती ऐकायला लागली. आधी ढोलासारखं काहीतरी खालून येतं, कानातून नाही, तळपायातून. ढुम. मग एक श्वास थांबतं. मग वरून गिटार, चक. ढुम, चक. कुणीतरी थोपटतंय असं. मग तो माणूस गायला लागतो, ओरडत नाही, मागत नाही, बसल्या बसल्या सांगितल्यासारखं, आणि मागं तीन बायका त्याचं शेवटचं परत म्हणतात. मला एकदम आमच्या वस्तीतली जयंती आठवली. गायन पार्टी यायची, आधी वंदना म्हणायचे, मग संथ गाणी, तेव्हा सगळ्या बायकांच्या मांडीवर पोरं झोपलेली असायची. तसंच. तिसऱ्या गाण्याला माझी पोरगी माझ्या खांद्यावर लाळ गाळत गार.

मग काय, रोज दुपारी तीन वाजले की कोयतेवाला. मी त्याला कोयतेवालाच म्हणायचे. तो गायचा, पोरगी झोपायची, मी ओट्याला टेकून डाळ ढवळत डुलायचे. साधारण वीस मिनिटांत गाणी संपायची, सुई उचलायची, संपलं.

आणि संपलं की खालून ठोकायचं कुणीतरी. ठक ठक ठक. आमच्या जमिनीला, म्हणजे खालच्या आजीच्या छताला.

पहिल्यांदा माझं पाणी झालं. दुसऱ्या दिवशी आवाज आणखी बारीक केला, तरी संपलं की ठक ठक ठक. मी पेटीखाली ब्लँकेट घातलं. ठक ठक ठक. गाणं चालू असताना कधीच नाही. शांत झालं की ठोकणार. मी म्हणलं, कसली बाई आहे, आवाज असताना सहन करते आणि बंद झाल्यावर भांडते. पण नवऱ्याला सांगितलं नाही. तो चिडला की आधी जर्मन विसरतो, मग इंग्रजी विसरतो, आणि मग वस्तीतली मराठी काढतो.

त्यातच तो सोमवार आला. सकाळी पोरीला बाबागाडीत घालून दार उघडलं तर दाराच्या मुठीला दोरीनं एक लाकडी पाटी अडकवलेली. पाटीवर रंगवलेला झाडू. झाडू आणि बादली.

मी तशीच उभी. कुणी अडकवली ते कळायला काही लागलं नाही, रविवारपर्यंत ही पाटी मी आजीच्या दारात आतल्या बाजूला बघितली होती. म्हणजे तिच्याच घरातली. तिनं आणून आमच्या दाराला लावली. वर एक शब्द लिहिलेला, केरवोखे. फोन धरला. फोन म्हणाला, झाडण्याचा आठवडा.

माझ्या डोक्यात काय काय झालं ते मी लिहू शकत नाही. आडनाव. बेलवरचं आडनाव. म्हातारीनं वाचलं, कुणालातरी विचारलं, तिला कळलं. मी म्हणलं, सात समुद्र ओलांडून आले, तीन डबे लोणचं कस्टममधून सोडवून आणलं, आणि झाडू माझ्या आधी येऊन दारात बसला. माझ्या आजीची सासू सांगायची म्हणे, एके काळी आपल्या लोकांच्या पाठीमागं झाडू बांधायचे, चालताना पावलं पुसली जावीत म्हणून. इथं सुधारलेले लोक, पाठीला नाही बांधत, दाराला बांधतात.

झाडावं तर आईचा शब्द मोडतो. न झाडावं तर म्हातारी तक्रार करणार, घर जाणार. नवऱ्याला सांगावं तर तो खाली जाऊन मराठी काढणार, घर तर जाणारच, वर नोकरी. मी पाटी मुठीवरून ओढली, आत आले, लपवायला जागा शोधायला लागले. गादीखाली नवरा चादर बदलताना बघेल. पिठाच्या डब्यात मावेना. शेवटी रेकॉर्डच्या कव्हरात सरकवली. बरोब्बर बसली, कोयतेवाल्याच्या मागं झाडू. रेकॉर्ड मी तशीही कायम पेटीवरच ठेवायचे, कव्हरात कोण बघतंय.

मला वाटलं, संपलं. मला काय माहीत की मी बिल्डिंगचा कणा काढून कव्हरात घातलाय.

पहिला आठवडा काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात जिन्यात पानं आली, ओली, चिकट, बुटाला लागून आलेली. तिसऱ्या आठवड्यात पत्रपेट्यांजवळ आजीनं कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात, शेवटी तीन उद्गारचिन्हं. फोननं सांगितलं, पाटी कुठे आहे. डॉक्टर आणि आजी जिन्यात बोलताना ऐकू आले, आवाज न चढवता भांडत होते, ते तर जास्तच भयानक वाटतं. नवरा म्हणाला, "ह्यांची कसली तरी पाटी हरवलीय, वेडे आहेत," आणि पानं तुडवत ऑफिसला गेला.

एकदा मी हिंमत केली. पाटी पोरीच्या जॅकेटात घातली, खाली जाऊन आजीच्या दाराला लावायची आणि पळायचं. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या आणि आजीनं दार उघडलं. पोरगी पाटीसकट ताठ, लाकडी छातीची, आजीकडे बघतेय. आजी काहीतरी म्हणाली. मी म्हणलं, "जा, जा, गेनाऊ, डांके," म्हणजे हो, हो, बरोबर, थँक्यू, जे येत होतं ते सगळं एका दमात, आणि परत वर.

चौथ्या आठवड्यात पत्र आलं, घराची व्यवस्था बघणाऱ्या ऑफिसचं. नवऱ्यानं उभ्या उभ्या वाचलं.

"जिना घाण आहे म्हणतात. तिन्ही घरांना पाठवलंय."

"काढतील आपल्याला?"

"आल्झो, म्हणजे, काढतील असं नाही लिहिलं. पुढील कारवाई लिहिलंय."

पुढील कारवाई. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, आणि आईचा फोन आला तर मी तिला पोरीचे दात दाखवून वेळ मारून नेली.

शुक्रवारी नवरा घरून काम करतो. दुपारी पोरीला घेऊन मी कोयतेवाल्याला लावलं, नवरा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. गाणी संपली. मी ठक ठकची वाट बघत पाय वर घेऊन बसले. ठक ठक झालंच नाही. बेल वाजली.

दारात आजी. पांढरे केस, पायात घरातल्या चपला, ताठ. मी ओरडले, "अहो!" नवरा धावत आला, कानाला हेडफोन तसाच लटकलेला.

आजीनं पेटीकडे बोट दाखवलं आणि भराभरा बोलायला लागली. नवरा ऐकता ऐकता आधी घाबरला, मग त्याचे ओठ वाकडे व्हायला लागले.

"काय म्हणतेय? ओरडतेय का?"

"म्हणतेय, ही रेकॉर्ड तिची. तरुणपणी खूप ऐकली, आता हात थरथरतो, सुई ठेवता येत नाही, म्हणून दिली. तू लावतेस ते तिला आवडतं."

"मग ठोकते कशाला?"

त्यानं विचारलं. आजीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं आई भाजीवाल्याकडे बघते, आणि हवेत हात उलटा केला. परत उलटा केला.

नवरा आता उघड हसत होता. "अगं, दुसरी बाजू! गेला दीड महिना तू एकच बाजू लावतेस. संपलं की ती ठोकून सांगतेय, उलटी कर, उलटी कर!"

मला काय माहीत? आमच्याकडे आईच्या मोबाईलच्या आधी गाण्याचं काही नव्हतंच. ताट एका बाजूनंच वाढतात.

"ती म्हणतेय, ही बाजू प्रार्थनेची आहे. भांडणाची बाजू खाली आहे. जहाज, साखळ्या, ऊस, सगळं तिकडं. अर्धीच ऐकायची असेल तर म्हणे परत दे." आणि मग नवरा म्हणाला, "तिला कव्हर बघायचंय. दुसऱ्या बाजूची गाणी मागं छापलीत, ती दाखवते म्हणतेय."

मी "नाही" म्हणेपर्यंत आजीनं पेटीमागचं कव्हर उचललं होतं. उलटं धरलं. पाटी सटकली आणि फरशीवर खाडकन पडली, झाडूची बाजू वर.

पोरीनं टाळ्या वाजवल्या.

"ही... तीच पाटी?" नवरा म्हणाला. "तू घेतलीस?"

मग मी फुटले. पोरीला कडेवर घेऊन, रडत, ओरडत, सगळं मराठीत, आजीच्या तोंडावर. "तुम्हीच आणून लावलीत ना! बेलवरचं आडनाव वाचून लावलीत! वर डॉक्टर राहतो, त्याच्या दाराला का नाही लावली? आम्हीच दिसलो झाडायला? माझ्या आईनं झाडलं, आजीनं झाडलं, मी नाही झाडणार, काढा घरातून, काढायचं तर!"

आजीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याचं हसू गेलं होतं. त्यानं माझं भाषांतर केलं नाही. त्यानं पाटी उचलली आणि तिला एवढंच विचारलं, ही काय आहे. आजीनं बोटांवर मोजलं. आधी आपल्या छातीवर बोट. मग आमच्या दारावर. मग वर, छताकडे. मग परत आपल्यावर.

"आळीपाळीनं," नवरा हळू म्हणाला. "एक आठवडा ती, एक आठवडा आपण, एक आठवडा डॉक्टर. ज्याचा आठवडा त्याच्या दाराला पाटी. झाडून झालं की पुढच्याच्या दाराला लावायची. आपण नवीन म्हणून आपली पहिली पाळी तिनंच करून टाकली होती म्हणे. करारात असणार, मी ती पानं वाचलीच नाहीत. आखनला आमच्या बिल्डिंगला असलं काही नव्हतं गं."

"डॉक्टर झाडतो? स्वतः?"

"गेनाऊ," आजी म्हणाली, डॉक्टर शब्द तिला कळला होता. मग नाक मुरडून आणखी काहीतरी.

"म्हणतेय, झाडतो, पण कोपरे सोडतो."

आता नवऱ्यानं तिला माझं सगळं सांगितलं. आडनाव, आई, पाठीला बांधलेला झाडू. सावकाश, शब्द शोधत, त्याला एवढं लांब जर्मन बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आजी बुटांच्या फळीवर बसली. कव्हर तिच्या मांडीवर, तिचं बोट त्या कोयत्यावर. मला वाटलं आता ही रडणार आणि मला मिठी मारणार, आणि मी काय करू. ती म्हणाली, आणि हे नवऱ्यानं मला शब्दाला शब्द सांगितलं, "हे फार वाईट आहे. मला हे माहीत नव्हतं. पण जिना चार आठवडे घाण आहे."

ती गेली. नवरा म्हणाला, "मी झाडतो. विषय संपव." मी म्हणलं, विषय तुमचा नाही, डोक्यावर हात मी ठेवला होता. मग रेकॉर्ड उलटी केली आणि आईला फोन लावला. दुसऱ्या बाजूला तोच ढुम, तोच चक, पण ह्यावेळी थोपटत नव्हतं, पाऊल टाकत होतं. मागच्या तीन बायका आता त्याच्या मागं मागं म्हणत नव्हत्या, त्याच्या आधीच म्हणत होत्या. आमच्या गायन पार्टीला पण शेवटी असंच व्हायचं, झोपलेली पोरं उठून बसायची. माझी पण बसली.

आईला मी सगळं सांगितलं. ती डबा धुता धुता ऐकत होती. पाणी बंद केलं.

"सगळेच झाडतात म्हणती?"

"सगळे."

"त्यो डागदर बी? हाडाचा?"

"हो गं. कोपरे सोडतो म्हणे."

"सोडणारच. त्याच्या बापानं झाडलंय का कधी." मग डबा उपडा घातला, पदराला हात पुसले. "तुझ्या मागून नंबर कुणाचा?"

"डॉक्टरचाच."

"म्हंजी ती पाटी त्याच्या दाराला कोण लावणार?"

"मी."

"तू. तुझ्या हातानं. डागदरच्या दाराला झाडू."

"हो."

आई फोनच्या एकदम जवळ आली, नुसता एक डोळा आणि कपाळ दिसायला लागलं. "मग झाड," ती म्हणाली. "पण मला दाखवायचं. सगळं."

शनिवारी मी जिना झाडला. आमचं दार उघडं, आतून भांडणाची बाजू जोरात, एक वाजायच्या आत उरकायचं होतं. नवरा एका हातात पोरगी आणि एका हातात फोन धरून माझ्यामागं पायरी पायरी उतरत होता, फोनमध्ये आई. खाली आजी दारात उभी. आणि दोघी एकाच वेळी मला बोलत होत्या, एक मराठीत, एक जर्मनमध्ये, दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, आणि मला सांगा हे कसं, दोघी एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवत होत्या. आई म्हणाली, "मनगटानं मार, खांद्यानं नको. शिकवलंच नाही मी तुला." आजी पायानं ढुमवर ताल धरून होती.

पुसून झाल्यावर मी पाटी घेतली आणि वर गेले, डॉक्टरच्या मजल्यावर. चकचकीत दार, पितळेची मूठ, बेलवर त्याचं आडनाव, पुढं डॉक्टर लावलेलं. मी मुठीला दोरी अडकवली, आणि पळणारच होते तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर, केस विस्कटलेले, हातात कॉफीचा कप. त्यानं पाटी बघितली, मला बघितलं, खाली चकाचक जिना बघितला, म्हणाला, "डांके," आणि तोंड पाडून दार लावून घेतलं.

"काय म्हणला?" आई फोनमधून ओरडली. "काय म्हणला त्यो?"

"थँक्यू म्हणाला."

"थँक्यू?"

"हो. थँक्यू."

आई हसायला लागली, तोंडाला पदर लावून, खांदे हलत होते, आणि मग थांबली, आणि डोळे पुसून म्हणाली, "मला नीट दिसलं नाही. मध्ये जावयाचा अंगठा आला. परत अडकव बरं."

मी पाटी काढली आणि परत अडकवली.

"सरळ कर," आई म्हणाली. मी सरळ केली.